बिनवायरचा क्लच अन् गोलूची एंट्री

कसं सांगू तुम्हाला, अन् कुठून सुरू करू! फजिती कोणाची होत नाही? कोणाची घरात होते, कोणाची बाजारात होते. माझी भर लग्नात झाली, सख्ख्या भावाच्या, डीजेच्या आवाजात, अन् वरून ड्रोननं तिची शूटिंग पण झाली. थांबा, हसू नका. अजून मी सुरुवात पण केली नाही.

तर मी बिसेन सर. राहतो गोंदियाजवळ फुलचूरला, शिकवतो तिरोड्याला. विषय विज्ञान. आता विज्ञानाचा मास्तर म्हटला की त्याच्यामागं एक जास्तीचं काम लागतेच. शाळा असो की गणेश मंडळ, अंधश्रद्धेवर बोलायला माणूस कमी पडला की बोलवा बिसेन सरला! लिंबू-मिरची, काळी बाहुली, गाडीला बांधायचे धागे, आडवं जाणारं मांजर, सगळ्यांची मी अशी सालटी काढतो की मांजरानं ऐकलं तर तेच दुसऱ्या रस्त्यानं जाईल.

असा हा मी एक मोटारसायकल घेऊन बसलो. जुनीच, पण चांगली दांडगी. थर्मल प्लांटमधल्या एका साहेबांची बदली झाली, ते विकून राहिले होते, मी घेतली. अन् त्या गाडीत काय होतं माहीत आहे? हायड्रॉलिक क्लच!

तुमच्या-माझ्या साध्या गाडीत हँडलवरच्या क्लचच्या दांडीपासून खाली इंजिनपर्यंत वायर जाते. या गाडीत वायरच नाही! दांडी दाबली की नळीतलं तेल दाबलं जाते, ते तेल खाली जाऊन क्लच दाबते. दांडी सोडली की तेल परत वर. पास्कलचा नियम! हा नियम मी स्टाफरूममध्ये इतक्यांदा समजावला की गणिताच्या मॅडम आपला डबा घेऊन रिकाम्या वर्गात जेवायला लागल्या. जळतात लोक, दुसरं काय.

गाडी घरी आली तेव्हा माय आरतीचं ताट घेऊन दारातच उभी. नारळ, कुंकू अन् लाल धागा. धागा तिनं चांगला आरशाच्या दांडीला बांधला, दोन्ही टोकं लोंबती ठेवून.

"माये, हे कायले?"

"नजर लागते बाप्पा. गाडी पाह्य केवढी, अन् तू पाह्य केवढा!"

आता मायला नाही म्हणायची माझ्यात हिंमत नाही. आमच्या घरात कोणातच नाही. पण ही अशी गाडी घेऊन शाळेत जाऊ कसा? आरशाला लाल धागा फडफडतो आहे, अन् गाडीवर कोण, तर धाग्याविरुद्ध भाषण ठोकणारा बिसेन! पोट्टे काय म्हणतील? हेडमास्तर काय म्हणतील?

तोडून फेकून द्यायचा न मग, तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. फेकायलाच गेलो होतो. पण खरं सांगू का? फेकवेना. माझा विश्वास नाही हो, बिलकुल नाही! पण नवी गाडी, रस्ता असा, त्यावर रेतीचे टिप्पर तसे... असू दे न, धाग्यानं काय बिघडते?

म्हणून मी डोकं चालवलं. गल्लीच्या वळणावर गाडी थांबवली, आरशाचा धागा सोडला, अन् क्लचची दांडी हँडलमध्ये जिथं शिरते तिथं तिच्या बुडाशी गुंडाळून फटीत दाबून टाकला. वरून रबराचं टोपण ओढून घेतलं. दिसला तर शपथ! देव पण राजी, विज्ञान पण राजी. अन् माझी मलाच शाबासकी देऊन मी शाळेत गेलो.

संध्याकाळी मायनं आरसा पाहिला. "काऊन रे, धागा कुठं गेला?"

"पडला असन माये. हवा किती असते रस्त्यानं."

आता इथं गोलू मध्ये येतो. गोलू म्हणजे माझा धाकटा भाऊ. शेती पाहते, अन् थोडा धानाचा व्यापार करते. त्याचं लग्न जमलं तिरोड्याच्या शुभांगीशी. उन्हाळ्यातली तारीख निघाली. अन् एक दिवस तो माझ्याजवळ येऊन लाजत लाजत उभा राहिला.

"दादा, मी घोडीवर नाही बसत. तुह्या गाडीवर एंट्री मारतो."

"मार न! त्यात विचारतो काय?"

"नाही तसं नाही. शुभांगीले फोटो धाडलो होतो गाडीचा. तिनं सगळ्या मैत्रिणीले सांगून ठेवलं. आता तिचं म्हणणं, येशील तं त्याच गाडीवर ये. पक्कं समजू न?"

"पक्कं म्हणजे काय रे! भावावर भरवसा नाही का?"

अन् जोशाजोशात मी घोडीवाल्याला फोन लावून सांगून टाकलं, येऊ नको. लग्नसराईत घोडी सोडणं म्हणजे रेल्वेतली खिडकीची जागा सोडणं. पाठ वळली की दुसरा बसला. त्याच संध्याकाळी ती घोडी आमगावच्या एका नवरदेवानं नेली.

आता पाहा गंमत. घोडी गेली, अन् दुसऱ्याच दिवशी, उन्हं तापायला लागली तशी, गाडीनं रंग दाखवला.

सकाळी फुलचूरहून निघालो तेव्हा एकदम झकास. अर्ध्या रस्त्यावर गेलो, अन् काय झालं कोण जाणे, इंजिन बोंबलायला लागलं, पण गाडी पुढं जाईना. अॅक्सिलेटर जितका पिळावा तितका आवाज जास्त अन् वेग कमी. माझ्या बाजूनं एक आजोबा सायकलवर पुढं निघून गेले, अन् जाता जाता माझ्याकडे वळून पण पाहिलं. एका टपरीवर थांबलो, चहा घेतला, चिवडा खाल्ला. परत सुरू केली तर गाडी पुन्हा झकास! जसं काही झालंच नाही.

घरी हे तोंडातून निघून गेलं. माय लगेच उठली.

"मी तवाच म्हटलं होतं! धागा पडला अन् गाडी बिघडली. थांब!"

दुसरा धागा. परत आरशाला. अन् मी? मी गल्लीच्या वळणावर थांबून तो परत तिथंच, दांडीच्या बुडाशी दाबला. जागा सापडली होती न चांगली.

त्यानंतर गाडी पहिल्यापेक्षा लवकर रुसायला लागली. मग गेलो पप्पूभाईकडे.

पप्पूभाई आमच्या रस्त्यावरचे मेकॅनिक. गोंदियातल्या अर्ध्या गाड्या त्यांनी सुधरवल्या आहेत, अन् उरलेल्या अर्ध्या त्यांनीच बिघडवल्या आहेत. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून पाहिलं, अन् विचारलं,

"सर, इसका वायर किधर है?"

"वायर नाही न भाई याला."

"टूट गया?"

"अरे, नव्हतंच!"

"ऐसा कैसा? किसने निकाला?"

मग मी पास्कल काढला. खाली मातीत आकृती काढून, दाब कसा इकडून तिकडं जाते, सगळं समजावून सांगितलं. पप्पूभाईंनी पूर्ण ऐकून घेतलं, तंबाखू थुंकली, अन् म्हणाले, "सर, ये पास्कलभाई का गॅरेज किधर है? उसी को दिखा देते."

मी म्हटलं, राहू द्या, रोग मी ओळखतो, तुम्ही फक्त पाना चालवा. निदान सोपं होतं. तेलाच्या नळीत हवा शिरली! मी दांडी दाबायची, पप्पूभाईनं खालचा नट ढिला करायचा, बुडबुडे बाहेर, नट बंद. असं आम्ही किती वेळ केलं, विचारू नका. माझा पंजा सुजला. पण गाडी सुधरली! मी बाजारात एक चक्कर मारून आलो, एकदम लोण्यासारखी.

दुसऱ्या दिवशी तिरोड्याच्या रस्त्यावर पुन्हा तेच. तोच आवाज, तीच टपरी, तोच चिवडा.

माय म्हणाली, "अन् धागा?"

"पडला असन माये."

"मंग बांधाचा नाही का पक्का!" अन् तिसरा धागा.

मग मी म्हटलं, हवा नाही, तेलच खराब असणार. नागपूरहून खास तेल मागवलं. जुनं काढलं, नवं टाकलं. नट उघडला की गाडी ठीक, अन् रस्त्यावर गरम झाली की पुन्हा बोंब. मग पप्पूभाईंच्या मनानं क्लच प्लेटी घासल्या असतील. इंजिनचं झाकण उघडलं. आत प्लेटी एकदम नव्यासारख्या. तरी मी म्हटलं, बदला! पप्पूभाई म्हणाले, "सर, अच्छी है." मी म्हटलं, "दिसण्यावर जाऊ नका, विज्ञान असं चालत नाही."

एकदा मात्र पप्पूभाईंचा हात वर हँडलकडे गेला. "सर, ये रबर का ढक्कन खोलूं क्या? इधर से भी देख लेते."

तिथं तीन धागे! अन् बाजूला आमच्याच शाळेचे खेळाचे सर आपली स्कूटी घेऊन उभे!

"नाही नाही नाही!" मी मध्येच आडवा झालो. "तो भाग भल्ला नाजूक असते. तिथं काहीच नाही. तुम्ही खालीच पाहा."

पप्पूभाई खालीच पाहत राहिले.

शेवटी मी त्या साहेबांना फोन लावला, ज्यांनी गाडी विकली. चांगलं झापलं. "साहेब, तुम्ही मला फसवलं!"

"अरे सर, मेरे पास तो मक्खन चलती थी!"

"मक्खन लावूनच तर विकली तुम्ही!" अन् फोन कापला. काय टोला हाणला म्हणून दिवसभर खूश होतो मी.

इकडे लग्न दारात आलं. मांडव घातला, पाहुणे आले, हळद लागली. गोलू रोज सकाळ-संध्याकाळ एकच विचारे, "दादा, गाडी चालन न?" अन् मी रोज सांगे, "चालन रे, चालन!" पण आतून माझी टरकली होती. घोडी तर गेलीच होती. पोरगं पायी जाईल काय मांडवात? तिकडं शुभांगी मैत्रिणींना घेऊन वाट पाहील, अन् नवरदेव येईल चपला घासत! माझ्या शब्दापायी पोराची इज्जत जाईल, या विचारानं मला जेवण गोड लागेना.

मग माझ्या लक्षात आलं. गाडी थंड असली की चालते, गरम झाली की बसते. म्हणजे गरमच होऊ द्यायची नाही! किती सोपं!

लग्नाच्या आदल्या दिवशी मी घरातला कूलर ओढला अन् गाडीसमोर लावला. मे महिना. गोंदियातला मे महिना. घरात पन्नास पाहुणे घामानं निथळत होते, अन् अंगणात गाडी कूलरची हवा खात होती. माझी बायको कविता दारात येऊन पाहत राहिली.

"बाळंतपणात माझ्याकडे कूलर फिरवला नाही तुम्ही," ती म्हणाली, अन् आत गेली. त्याच्यावर बोलायला माझ्याजवळ वेळ नव्हता.

गाडी चालवत न्यायचीच नाही असं ठरलं. छोट्या हत्तीत, म्हणजे त्या लहान मालगाडीच्या टेम्पोत, चढवली, त्यावर ओलं पोतं टाकलं. निघायच्या वेळी माय आली. हातात धाग्याचा पूर्ण गुंडा.

"आज तं असा बांधतो, की बापजन्मी पडनार नाही!"

अन् तिनं आरशाला वेटोळ्यावर वेटोळं दिलं. मी काय करणार? तिरोड्याच्या लॉनवर आमच्या शाळेचे हेडमास्तर येणार, सगळा स्टाफ येणार. रस्त्यात छोटा हत्ती थांबवून मी तो सगळा गुंडा सोडला, अन् पेचकसानं ठासून ठासून दांडीच्या बुडाशी भरला. रबराचं टोपण बसता बसेना. शेवटी कसंबसं बसवलं.

तिरोड्याला पोचलो. गाडी उतरवली, हात लावून पाहिला. थंडगार! गोलू शेरवानी-फेट्यात गाडीवर बसला. काय दिसत होता! माझे डोळे भरून आले हो. लहानपणी याला मी सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत नेत होतो. मी म्हटलं, जा बाप्पा, मार एंट्री.

पण एक गोष्ट मी विसरलो होतो. वरात!

वरात म्हणजे काय असते? समोर डीजे, डीजेमागं नाचणारे, नाचणाऱ्यांमागं नवरदेव. एक पाऊल पुढं, दहा मिनिटं नाच. घोडीचं काय, ती उभी राहते. गाडी उभी राहून राहून सरकायची म्हणजे अर्धा क्लच, वरून ऊन, खालून डांबर. आमचे पप्पूभाई तर डीजेसमोर असे नाचत होते की त्यांना बाजूला सरकवायला माणूस धाडावा लागला. मी पाण्याची बाटली घेऊन गाडीसोबत पायी चालत होतो अन् हँडलवर पाणी ओतत होतो.

"दादा, माह्या अंगावर कायले ओतून राहिला? शेरवानी भिजली न!"

"तू गप बस. इंजिनले थंडक पायजे."

"मंग इंजिनवर ओत न!"

लॉनचं फाटक आलं. फाटकातून आत जायला थोडा चढ, चढावर लाल गालिचा, गालिच्याच्या टोकाला थर्मोकोलच्या फुलांची कमान, कमानीखाली शुभांगी हातात हार घेऊन उभी. बाजूला मैत्रिणी मोबाईल काढून तयार. वर ड्रोन घोंघावत होता. माईकवरचा माणूस गरजला,

"अन् येत आहेत आपले नवरदेऽऽव!"

गोलूनं पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, रेस दिली. गाडी गरजली. हलली नाही.

"येत आहेत... येत आहेत आपले नवरदेव!"

गाडी अजून गरजली. धूर निघाला. गोलू जागच्या जागी.

"नवरदेव... अजून येत आहेत," माईकवाला म्हणाला, अन् त्याचा आवाज बसला.

"दादा, जाऊनच नाही राहिली!" गोलूचा चेहरा रडवेला. तिकडं शुभांगीचा हार खाली आला. मैत्रिणी एकमेकींकडे पाहायला लागल्या. पोरीचे मामा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मास्तर, घोडी बरी होती न जी." हेडमास्तर शरबताचा गिलास घेऊन पाहत होते. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. पण धरणीवर तर गालिचा!

मी ओरडलो, "गोलू, रेस सोडू नको! पूर्ण पिळ! गिअरमध्येच राहू दे, मी सांगतो न!"

गोलूनं डोळे मिटून पूर्ण पिळला. आजपर्यंत त्यानं माझं ऐकलं नाही असं कधी झालं नाही, तेच नडलं.

आता विहीणबाई, म्हणजे शुभांगीची आई, ओवाळायचं ताट घेऊन बाजूला उभ्याच होत्या. मोठ्या शांत बाई. त्यांनी विचार केला, गाडी जाईल तेव्हा जाईल, तोवर ओवाळून तर घेऊ. नवरदेवाला टिळा लावला. मग गाडीला पण लावावा म्हणून हँडलकडे हात नेला. माझ्या बाटलीच्या पाण्यानं रबराचं टोपण घसरलं होतं, अन् त्यातून एक लाल टोक बाहेर आलं होतं.

"अगंबाई, हा धागा कायचा लोंबून राहिला?" अन् त्यांनी ओढला.

"नको, नको!" मी धावलो. आता खोटं कशाला बोलू? गाडीसाठी नाही धावलो. हेडमास्तर पाहत होते म्हणून धावलो.

पण विहीणबाईंनी सुरुवात केलेली. धागा येतो आहे, येतो आहे, संपतच नाही. पहिला निघाला, दुसरा निघाला, तिसरा निघाला, मागून मायचा तो पूर्ण गुंडा निघाला, तेलानं काळा झालेला. अन् शेवटचं टोक निघालं तशी क्लचची दांडी 'टक्' करून पुढं गेली.

इथं थोडं विज्ञान सांगावं लागते, माफ करा. त्या धाग्यांमुळं दांडी पूर्ण सुटतच नव्हती, केसभर दाबलेलीच राहत होती. म्हणून तेल परत जायचं बारीक भोक बंद. तेल गरम होऊन फुगलं की त्याला जायला जागा नाही, मग ते आपलं क्लचलाच ढकलत बसे. म्हणजे कोणी आत बसून चोवीस तास क्लच दाबून धरल्यासारखं! धागा निघाला, दांडी सुटली, भोक उघडलं, दाब गेला अन् क्लच लागला.

पहिल्या गिअरमध्ये. पूर्ण रेसवर.

गाडी नाही निघाली, गोळी निघाली! पुढचं चाक वर, गोलूचा फेटा मागं, गोलू मध्ये लोंबकळतो आहे. गालिचा पार. शुभांगी चपळ पोरगी, हारासकट बाजूला उडी मारली. थर्मोकोलची कमान गळ्यात घेऊन नवरदेव सरळ जेवणाच्या पंडालात घुसला, अन् मठ्ठ्याच्या ड्रमला जाऊन लागला. गाडी इकडं आडवी, ड्रम तिकडं आडवा, अन् मध्ये मठ्ठ्याच्या तळ्यात बसलेला आमचा गोलू. डोक्यावर कोथिंबीर.

डीजे बंद झाला.

खरचटलं पण नाही हो त्याला, घाबरू नका. गालिचा, थर्मोकोल, मठ्ठा, सगळं मऊच होतं. पण सगळे तिकडं धावले, अन् इकडं विहीणबाईंच्या हातात तो धाग्याचा काळा गुंडा तसाच. हेडमास्तरांनी परत येऊन तो दोन बोटांनी उचलून उजेडात धरला.

"बिसेन सर, हे काय आहे?"

मी काही बोलायच्या आधी माय पुढं झाली. ओळखलाच तिनं. "हा तं मीच बांधलेला होय! अन् हा पण! अन् हा आजचा!" मग माझ्याकडे पाहिलं, अन् काय सांगू तुम्हाला, तिचे डोळे पाण्यानं भरले. "मले वाटे पडून जातेत. अन् यानं तं सगळे जपून ठेवले! पाह्य न गुरुजी, लोकं देखाव्यासाठी बांधतेत. माह्या पोराची भक्ती आत असते, आत! गाडीच्या पोटात ठेवला यानं देवाचा धागा!"

"असं का?" हेडमास्तर म्हणाले. बस, एवढंच. मागं गणिताच्या मॅडम पदरात तोंड घालून हलत होत्या. अन् पप्पूभाई, आत्ता आत्तापर्यंत नाचणारे पप्पूभाई, घाम पुसत पुढं आले. "सर, मैं बोला था, रबर खोलूं क्या?"

मी म्हटलं, "हो भाई, बोलले होते."

लग्नाचं काय झालं? अहो, झालं न! शुभांगी त्या मठ्ठ्याजवळ जाऊन उभी राहिली, गोलूनं वर पाहिलं, अन् ती जी हसायला लागली ती खालीच बसली. हसत हसतच तिनं हार घातला. म्हणाली, "एंट्री म्हटली होती, पण एवढी नाही म्हटली होती." माझ्या जिवात जीव आला. पोरीच्या मामांनी मात्र जेवताना सगळ्यांना सांगितलं की आज मठ्ठा नाही, नवरदेवानं आंघोळ केली त्यात.

झाल्या गोष्टीवर पडदा पडला असता हो. पण मग ती ड्रोनची शूटिंग आली.

घरात सगळे टीव्हीसमोर बसलेले. गोलू, शुभांगी, कविता, मी अन् माय. मायला लांबचं नीट दिसत नाही, म्हणून ती टीव्हीच्या अगदी पुढं पाट घेऊन. गाडी उसळली, कमान गेली, ड्रम गेला, सगळे हसून लोटपोट. ड्रोन वरून सगळं दाखवत होता. इकडून माय धावते आहे, तिकडून मामा धावतात, पप्पूभाई धावतात, हेडमास्तर शरबत टाकून धावतात, सगळं लग्न नवरदेवाला उचलायला धावते आहे.

एक माणूस सोडून. फाटकाजवळ, एकटाच, दोन्ही हात वर करून उड्या मारतो आहे. शूटिंगवाल्यानं खालच्या कॅमेऱ्याचा आवाज पण जोडला आहे हो, एकदम स्पष्ट: "लागला! लागला रे! क्लच लागला!"

गोलूनं माझ्याकडे पाहिलं. कवितानं पाहिलं. नव्या सुनेनं पण पाहिलं.

मायनं डोळे बारीक केले, पडद्यावर बोट ठेवलं. "कोन होय रे हा बेसरम? माह्यं लेकरू तिकडं पडलं, अन् हा इकडं नाचून राहिला!"

मी म्हटलं, "पोरीकडचा असन माये कोणी."